जुनी सेमी-ऑटोमॅटिक टू-टू रायफल अडकली तर

रायफल अडकली की पहिला हात बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या, मुठीकडे जातो, आणि तिथेच अर्धी माहिती हातची जाते. बोल्ट किती मागे थांबलाय, पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) कुठे आहे, पुढचं काडतूस कुठल्या कोनात उभं आहे, या तीन गोष्टींवरून बिघाड साधारण कळतो. म्हणून आधी बोट चापाबाहेर, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, सेफ्टी लागत असेल तर लावलेली. मग नुसतं बघायचं. मोबाइलनं एक फोटो काढून ठेवला तर पुढे कारागिरालाही दाखवता येतो.

हा लेख ०.२२ (टू-टू) लाँग रायफल काडतुसाच्या, साध्या ब्लोबॅक (बोल्टला कुलूप नसलेल्या) पद्धतीच्या आणि दस्त्यात नळीसारखं मॅगझिन असलेल्या जुन्या रायफलींबद्दल आहे. १९३३ ते १९५८ या काळात बनलेलं विंचेस्टर मॉडेल ६३ आणि बेल्जियममध्ये १९१४ पासून १९७० च्या दशकापर्यंत बनलेली ब्राउनिंगची खालून पुंगळी टाकणारी छोटी रायफल ही त्यातली ओळखीची नावं. मोठ्या बोअरच्या अनेक जुन्या सेमी-ऑटो रायफलींत बोल्ट कुलूपबंद होतो. त्यांचा दाब आणि धोका दोन्ही वेगळे, त्यामुळे खालच्या पायऱ्या त्यांना लावू नका.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. घरात आजोबांच्या काळापासून आहे, आता चालत नाही, म्हणजे परवाना लागत नाही, असा समज अक्कलकोट-बार्शीकडच्या जुन्या वाड्यांमध्येही आढळतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधली सूट फक्त अशा जुन्या शस्त्राला आहे जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. नवी स्प्रिंग टाकली की चालेल अशी रायफल त्यात बसत नाही. परवाना बघणारं कार्यालय सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांचं, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचं. दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, म्हणून भाग घासणं, बदलणं, जोडकाम ही कामं परवानाधारक कारागिराकडेच द्यायची. लेथवर काम करणारा ओळखीचा माणूस कितीही कसबी असला तरी त्याच्याकडे नाही. मालकाच्या वाट्याला येतं ते रिकामं करणं, साफ करणं, तेल देणं आणि बिघाड ओळखणं. बहुतेक अडकण्या एवढ्यातच सुटतात.

आत काय घडतं

ब्लोबॅक रायफलीत बोल्टला कुलूप नसतं. गोळी पुढे जाते तेव्हा तोच दाब पुंगळीला मागे ढकलतो आणि पुंगळी बोल्टला. बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग या दोघांमुळे तो थोडा उशिरा उघडतो, तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडलेली असते. मागे जाताना एक्स्ट्रॅक्टरचा आकडा पुंगळीची कड धरून ठेवतो, इजेक्टर तिला बाहेर फेकतो, घाव घालणारा हॅमर किंवा स्ट्रायकर ताणला जातो. परत येताना बोल्ट पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, सारतो.

या सगळ्याला ताकद मिळते ती एका छोट्याशा काडतुसाकडून. त्यामुळे वाटेत थोडी जरी ओढ वाढली, वाळलेल्या तेलाची, काजळीची, मेणाची किंवा धुळीची, तरी बोल्ट पूर्ण मागे जात नाही किंवा पूर्ण पुढे येत नाही. जुन्या टू-टूच्या अडकण्यामागे तुटलेला भाग क्वचित असतो. घाण आणि दमलेली स्प्रिंग हे नेहमीचे गुन्हेगार, आणि तिसरं चुकीचं काडतूस.

सामान

नळीच्या मापाची अखंड पितळी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेली सळई, ०.२२ चा ब्राँझ ब्रश, बोअर साफ करायचं सॉल्व्हंट, पातळ बंदुकीचं तेल, जुना टूथब्रश, लाकडी टूथपिक, टॉर्च, स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारे स्क्रू-ड्रायव्हर आणि चष्मा. प्लास्टिकची डमी काडतुसं मिळाली तर फार उत्तम. स्क्रू-ड्रायव्हर सैल असला की जुन्या स्क्रूची खाच फाटते. रायफलीची किंमत आणि पुढच्या कारागिराची सहनशक्ती दोन्ही त्यात जातात.

पुसायला टर्किश टॉवेल घेऊ नका, मग तो आपल्याच सोलापूरचा का असेना. त्याचे रोंवे आकड्याखाली आणि काडतुसावर ठोका देणाऱ्या फायरिंग पिनच्या भोकात जाऊन बसतात. अनेकदा धुतलेलं जुनं धोतर किंवा मलमल बरी. कापायची तर सुमारे अडीच सेंटिमीटरचे चौकोन, आणि सळईवर घट्ट बसत असतील तर आणखी लहान. खाली मात्र चादर जरूर अंथरा. उडालेली स्प्रिंग फरशीवर घरंगळत जाते, चादरीवर थांबते.

नळी कुठे रोखायची याचाही विचार आधीच करा. टू-टूची गोळी दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते आणि फरशी किंवा काँक्रीटवरून उसळतेही. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा वाळूनं गच्च भरून आडवा ठेवा आणि नळीचं तोंड त्याच्या लांबीच्या दिशेनं रोखा. खोलीत दुसरं कुणी नको आणि काडतुसांचा डबाही नको.

आधी रिकामी करा

१. चाप ओढूनही आवाज आला नसेल तर नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा. दारू कधीकधी उशिरा पेटते. या वेळात बोल्ट उघडला तर काडतूस हवेत फुटू शकतं.

२. मॅगझिनची आतली नळी दस्त्यातून बाहेर काढा. तोंड खाली करून काडतुसं मोजून बाजूला ठेवा. आतली नळी पूर्ण बाहेर काढल्याशिवाय वाट मोकळी होत नाही.

३. इथेच नवखे फसतात. मॅगझिन बाहेर आलं म्हणजे रायफल रिकामी झाली असं नाही. एक काडतूस चेंबरमध्ये असू शकतं आणि एक दस्त्यातून चेंबरकडे येणाऱ्या वाटेत. या रायफलींत ही वाट लांब असते. बोल्ट पाच-सहा वेळा पूर्ण मागेपुढे करा, आणि शेवटची दोन वेळा रायफल थोडी हलवून, म्हणजे वाटेत रेंगाळलेलं काडतूस पुढे सरकेल.

४. बोल्ट मागे धरून टॉर्चनं चेंबर बघा. मग करंगळीचं टोक किंवा टूथपिक लावून खात्री करा. काळ्या पडलेल्या चेंबरमधली पुंगळी डोळ्याला चकवते.

बोल्ट हलतच नसेल आणि आत जिवंत काडतूस असण्याची शक्यता असेल तर पुढे काही करू नका. टू-टूच्या काडतुसात पेटणारं मिश्रण कडेच्या वाटीत असतं, म्हणजे आकडा, बोल्टचं तोंड किंवा तुमचा स्क्रू-ड्रायव्हर यातल्या कुठल्याही गोष्टीनं कड चेपली तरी ते पेटू शकतं. हातोडी नाही, मूठ पायानं दाबणं नाही, तोंडाकडून सळई घालणं तर मुळीच नाही, कारण तेव्हा हात थेट गोळीसमोर येतो. तोंड वाळूकडे ठेवून परवानाधारक कारागिराला फोन करा आणि रायफल आहे त्या अवस्थेत कशी आणायची ते त्यालाच विचारा.

पुंगळी काय सांगते

पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकलेली असेल, तोंड वर आणि कड बोल्टखाली, तर बोल्ट पुरेसा मागे गेला नाही असं समजायचं. कमजोर काडतूस, जाड झालेलं तेल किंवा बोल्टच्या वाटेतली काजळी ही कारणं याच क्रमानं तपासा. मॉडेल ६३ च्या नळीवरच सुपर स्पीड आणि सुपर-एक्स या जास्त वेगाच्या काडतुसांची नावं कोरलेली असतात. टार्गेटसाठी मिळणारी मंद वेगाची काडतुसं घातली की ती बोल्ट अर्ध्यावर सोडतात, आणि मालक स्प्रिंगला दोष देत बसतो. उलट, काडतुसं बरोबर असूनही पुंगळी प्रत्येक वेळी अशीच उभी राहत असेल तर इजेक्टर झिजलाय का ते कारागिराकडून बघून घ्या.

पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि बोल्टनं मागून दुसरं काडतूस आणून तिच्यावर आपटलं, हा प्रकार जास्त गंभीर. आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट मागे धरून ते दुसरं काडतूस बोटानं किंवा टूथपिकनं बाहेर काढा. त्याची गोळी वाकली किंवा मागे सरकली असेल तर ते पुन्हा वापरायचं नाही. चेंबरमध्ये उरलेली पुंगळी रिकामीच आहे याची खात्री पटली, म्हणजे तिच्यावर पिनची खूण आहे आणि ती फुटल्याचा आवाज तुम्ही ऐकलाय, तरच तोंडाकडून सळई घालून हळूच टेकवा. हलकी टिचकी पुरते. खात्री नसेल तर मागचाच नियम: सळई नाही, कारागिराला फोन.

पुंगळी मागे का राहिली याची दोन उत्तरं असतात. एक, एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली घाण भरलीय किंवा आकड्याची धार बोथट झालीय. आकड्याखालची जागा टूथपिकनं खरवडा. मग बोल्ट बाहेर काढता येत असेल तर एक रिकामी पुंगळी आकड्यात अडकवून बोल्ट हलवून बघा. पुंगळी धरून राहिली पाहिजे. पडली तर आकडा किंवा त्याची बारीक स्प्रिंग बदलायची वेळ आली.

दुसरं उत्तर चेंबरमधलं कडं. लाँग रायफलची पुंगळी सुमारे १५.६ मिलिमीटर लांब असते आणि ०.२२ शॉर्टची सुमारे १०.७. याच चेंबरमधून कुणी कधी शॉर्ट काडतुसं भरपूर उडवली असतील तर त्या उरलेल्या पाच मिलिमीटरवर काजळी, शिसं आणि मेण यांचा थर कड्यासारखा बसतो. नंतर लाँग रायफल काडतूस घातलं की ते त्यात घट्ट रुततं: आत जाताना कुरकुरतं आणि बाहेर यायला नकार देतं. उपाय सोपा पण वेळखाऊ आहे. ब्राँझ ब्रश सॉल्व्हंटमध्ये भिजवून चेंबरमध्ये फिरवा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, पुन्हा फिरवा, कापडानं पुसा. कापड पांढरं निघेपर्यंत. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून चेंबर घासण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. चेंबर एकदा मोठं झालं की पुंगळ्या फुगायला आणि फाटायला लागतात.

बोल्ट पूर्ण पुढे येत नाही, दोन-तीन मिलिमीटर फट राहते, अशा वेळी तो अंगठ्यानं दाबून बसवायची सवय लावू नका. अर्धवट बसलेलं काडतूस फुटलं तर पितळ फाटून गरम वायू खिडकीतून डोळ्यांकडे येतो. याचंही कारण बहुतेक वर सांगितलेलं कडंच असतं. ते साफ करूनही फट राहिली तर बोल्टमागची रिकॉइल स्प्रिंग दमलीय. जुनी स्प्रिंग ओढून लांब करणं हा फुकटचा उपाय दोन-चार गोळ्या टिकतो. नवीच टाकून घ्या.

बोल्ट बंद, चाप ओढला, टक् झालं, पण काडतूस फुटलं नाही. एक मिनिटानंतर ते बाहेर काढून कडेवरची खूण बघा. खूण खोल आणि स्वच्छ असेल तर काडतुसात दोष आहे. कडेच्या वाटीत मिश्रण सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. खूण पुसट असेल तर फायरिंग पिनच्या वाटेत तेल वाळलंय, पिनचं टोक झिजलंय किंवा मुख्य स्प्रिंग कमजोर झालीय. पिनच्या भोकात कधीच तेल ओतायचं नाही. ती जागा कोरडी असली पाहिजे. कडेला खूण अजिबात नसेल तर पिन तुटलेली असू शकते.

याच संदर्भात रिकाम्या टू-टूचा चाप ओढून बघायची खोड मोडून टाका. पिनसमोर काडतुसाची कड नसली की काही रायफलींत ती थेट चेंबरच्या काठावर आपटते. तिथे बारीक बर्र (धातूची उठलेली कड) उठते, काडतूस आत जाताना अडकतं आणि पुंगळी निघत नाही. टॉर्चच्या तिरप्या उजेडात चेंबरच्या काठावर चकाकणारी खाच दिसली तर हाच प्रकार. ती कारागिराकडे खास हत्यारानं सरळ करता येते. कानसीनं नाही.

आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, फुस्स झालं, बोल्ट नीट मागे गेला नाही, तर ताबडतोब थांबा. गोळी नळीतच असू शकते. तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुगते, आणि फुगलेली नळी पुन्हा सरळ होत नाही. रायफल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून मागून उजेड टाका आणि सळई घालून बघा. ती आरपार जाते का हाच प्रश्न.

अडकण्याचा आणखी एक चोरटा प्रकार आहे. न वापरलेलं काडतूस बोल्टनं बाहेर काढताना गोळी नळीत रुतून राहते आणि पुंगळी एकटीच बाहेर येते. सगळी दारू आत सांडते. हिरवट-करड्या दाण्यांनी बोल्ट जड होतो. पूर्ण साफसफाईशिवाय याला पर्याय नाही, आणि नळीत गोळी आहे हेही विसरायचं नाही.

चाप एकदा ओढला आणि दोन गोळ्या गेल्या, तर त्या क्षणी रायफल बंद करून ठेवायची. सिअर, म्हणजे चाप ओढेपर्यंत हॅमर धरून ठेवणारा भाग, झिजलाय किंवा घाणीनं अडकलाय. धोका तर आहेच, शिवाय कायद्याच्या नजरेत आपोआप एकामागून एक गोळ्या सोडणारं शस्त्र निषिद्ध शस्त्रांच्या कलम ७ खाली येतं, आणि परवाना तुम्हाला वाचवणार नाही. सिअरला घरी हात लावू नका.

साफसफाई

मॉडेल ६३ मागच्या मोठ्या स्क्रूनं दोन भागांत निघते, ब्राउनिंग लाकडाखालच्या खटक्यानं. यापलीकडे पहिल्याच दिवशी खोलायची गरज नसते. निघालेले भाग ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं चादरीवर ओळीनं मांडा आणि प्रत्येक पायरीला फोटो काढा.

अनेक जुन्या रायफलींत खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, कधीकधी गोडं तेलही घातलेलं सापडतं. ही तेलं वर्षानुवर्षांत काकवीसारखी घट्ट होतात. रॉकेल किंवा सॉल्व्हंट टूथब्रशनं लावून ती विरघळवा, काळं पाणी निथळू द्या, मग सगळं कोरडं पुसा. रॉकेलचा अंश राहिला तर गंज येतो. दस्त्याच्या लाकडाला आणि त्याच्या पॉलिशला सॉल्व्हंट लागू देऊ नका.

नळी शक्यतो चेंबरच्या बाजूनं साफ करा. बोल्ट निघत नसलेल्या रायफलीत तोंडाकडून करावी लागते, तेव्हा सळई तोंडाच्या काठाला घासणार नाही असा मार्गदर्शक वापरा; नळीचा नेम त्या काठावर अवलंबून असतो. मॅगझिनची नळी उजेडाकडे धरून आतून बघा. बाहेरून लहानसा खळगा दिसत असेल तर आत काडतूस तिथेच अडतं. आतला दांडा बोटानं दाबून सोडल्यावर तो झटकन परत यायला हवा. या नळीत तेल घालायचं नाही, कारण तेल काडतुसांना लागतं, तिथून चेंबरमध्ये जातं आणि धूळ सोबत नेतं.

तेल किती? बोल्टच्या दोन्ही घसरणाऱ्या कडांना एकेक थेंब, हॅमरच्या कण्याला एक. मग कापडानं पुसून टाका. सोलापूरच्या उन्हाळ्यात याहून जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा टू-टूच्या गोळीवरचं मेणही मऊ पडतं. गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलेली काडतुसं चिकट होतात, त्यावर माती बसते आणि ती सगळी चेंबरमध्ये येते. काडतुसं सावलीत, झाकणाच्या डब्यात ठेवा. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, दस्त्याचे स्क्रू सैल होतात आणि मॅगझिनची वाट जराशी सरकते. काडतूस फक्त उन्हाळ्यातच अडकत असेल तर आधी ते स्क्रू बघा.

काडतुसांचं एक राहिलं. विंचेस्टरचं मॉडेल १९०३ बाहेरून मॉडेल ६३ सारखंच दिसतं, पण ते ०.२२ विंचेस्टर ऑटोमॅटिक नावाच्या वेगळ्या काडतुसासाठी बनलं आहे. त्याची पुंगळी लाँग रायफलपेक्षा जाड. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नळीवर जे कोरलंय ते भिंगानं वाचा, वारशात मिळालेल्या डब्यावर विसंबू नका.

तपासून बघणं

घरी फक्त डमी काडतुसं. पाच डमी भरून बोल्ट हातानं चालवा आणि प्रत्येक डमी नीट आत जाऊन नीट बाहेर पडते का ते बघा. खरी काडतुसं मान्यताप्राप्त शूटिंग रेंजवरच. आधी एकच भरा. ती सुटून बोल्ट रिकाम्यावर नीट बंद झाला, तर दोन भरा. दोन भरण्यामागे मुख्य कारण डबल फायर (एका ओढीत दोन गोळ्या) पकडणं हे आहे, आणि तसं झालंच तर मॅगझिनमध्ये आणखी काही उरत नाही. मग पाच. पाचही सुरळीत गेल्या की दहा, आणि तीच काडतुसं ठेवून. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशानं फरक पडला ते कळतं.

निवडणुकीच्या आचारसंहितेत अनेकांना रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि ती काही आठवडे तिथेच राहते. जमा करण्याआधी नळीतून तेलाचं पातळ कापड फिरवा, बोल्टच्या वाटा पुसा आणि कापडी कव्हर ओलं नाही ना ते बघा. मॅगझिनची आतली नळी, क्रमांक आणि रायफलीची अवस्था पावतीवर लिहून घ्या. परत मिळाल्यावर रेंजवर नेण्याआधी नळीतलं तेल कोरड्या कापडानं पूर्ण काढा, सळई एकदा आरपार घाला आणि डमीची फेरी पुन्हा करा.